तारीख पडलेला कागद

आगारात एक नियम होता, आणि तो कुठल्याच पुस्तकात छापलेला नव्हता. कच्च्या वेळापत्रकावर तारीख घालायची नाही. फेऱ्या आखा, थांबे मांडा, मिनिटं खोडा, पुन्हा लिहा. पण उजव्या कोपऱ्यातली ती छोटी चौकट कोरीच ठेवा. तारीख पडली की कागद कागद राहत नाही, हुकूम होतो. मग चालक विचारत नाही, वाहक विचारत नाही, गाडी निघते. जुनी माणसं सांगायची, एका कारकुनाने एकदा गंमत म्हणून कच्च्या कागदावर तारीख टाकली, आणि एक गाडी तीन दिवस अशा थांब्यावर जाऊन उभी राहिली जो फक्त पेन्सिलीत होता. तिथे तिला प्रवासीही मिळाले म्हणे. ते कोण होते, हे मात्र सांगायच्या वेळी सगळ्यांनाच काहीतरी काम आठवायचं.

हा नियम घड्याळबाईने एकतीस वर्षं डोळ्यांत तेल घालून पाळला होता. हे नाव तिला चालकांनीच ठेवलेलं. वरच्या मजल्यावर खिडकीपाशी तिचं वेळापत्रकं आखायचं टेबल. खाली गाड्या येत, जात, आणि ही मान वर न करता सांगे, “बावीस नंबर, चार मिनिटं उशीर. पुलावर पुन्हा काहीतरी अडलंय.” सगळं शहर तिला मिनिटांनी पाठ होतं. पण शहराबाहेर तिने स्वतः कधी पाऊल टाकलं नव्हतं. जगाला गावोगाव पोचवणारी बाई, आणि तिची स्वतःची फेरी टेबल ते घर, घर ते टेबल. बारा मिनिटं, चालत.

घरी ताई. थोरली बहीण. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं ऑपरेटर होती. आधी नवरा गेला, मग गुडघे गेले, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या या दोन खोल्यांत ती धाकटीकडे राहायला आली. जिना उतरून तिला दोन वर्षं झाली होती. कान मात्र सुईच्या टोकासारखे. फोनवर कुणी नुसतं ‘अं’ म्हटलं तरी ताई माणूस ओळखायची. दिवसभर घरात तिला बोलायला कुणी नसे, म्हणून ती ओव्या जुळवायची आणि धाकटी दारात चप्पल काढते न काढते तोच तिच्या अंगावर टाकायची:

“मिनिटाचा गं संसार, सेकंदाचं लेणं
माझ्या बहिणीला पुसा, घरी कधी येणं.”

“आलेच की,” धाकटी म्हणायची, आणि घड्याळाकडे बघून चहा टाकायची. चहा सात मिनिटं, भांडी अकरा मिनिटं. बोलण्यासाठी वेगळी मिनिटं तिने कधी राखून ठेवली नव्हती. हे तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

“जा गं बाई एकदाची त्या समुद्रावर,” ताई म्हणायची. “मी काय पळून जाणारेय? पळायला गुडघे कुठेत?”

तर चौपन्नाव्या वर्षी तिने ठरवलं. दूरच्या एका बेटावर जायचं, आठ दिवस, एकटीने. पुढच्या महिन्याची चौदा तारीख. माडांची झावळी, पांढरी वाळू, जुनं दीपगृह, काचेच्या तळाची होडी. माहितीपत्रकं जमवून तिने एक जाड फाइल केली. त्यातलं दीपगृहाचं चित्र बघितलं की तिच्या पोटात लहान मुलीसारखं काहीतरी हलायचं. ते हलणं तिला जपून न्यायचं होतं, दिव्याभोवती हात धरून नेतात तसं. एखादी जागा माणसाला पहिल्यांदा एकदाच बघता येते. तिच्या वाट्याला अशा जागा फार आल्या नव्हत्या.

रविवारी दुपारी ती पक्का कागद लिहायला बसली. शाईने, खाली कार्बन घालून, आगाराच्या रिवाजाप्रमाणे दोन प्रती: एक कार्यालयाची, एक चालकाची. “चालक कोण?” ताईने पलंगावरून विचारलं. “मीच,” ती म्हणाली, आणि दोघी हसल्या.

पहिला दिवस, पहाटे ५.३० घरून निघणे, दुपारी २.१० अतिथीगृहात पोहोचणे, ताईला फोन. दुसरा दिवस, सकाळी ६.४० दीपगृह. तिसरा दिवस, होडी आणि प्रवाळ. रोज २.१० ला ताईला फोन. सहाव्या दिवशी दुपारी ३.०० ते ५.३०: किनाऱ्यावर बसणे, काहीही न करणे. या ओळीपाशी पेन जरा अडखळलं. आठवा दिवस, ४.२० घरी परत.

कागद इतका देखणा उतरला की तिने तो हातभर लांब धरून बघितला. आणि बघता बघता, एकतीस वर्षांची सवय, हाताने आपला आपण उजवा कोपरा गाठला. आगारात पक्कं वेळापत्रक दुसऱ्या दिवसापासून लागू होतं. हाताने तीच तारीख घातली. उद्याची.

“अगं बाई,” ती म्हणाली.

“काय झालं?”

“काही नाही. पुढच्या महिन्याच्या ऐवजी उद्याची तारीख पडली. नंतर दुसरा लिहीन.” तिने दोन्ही प्रती टेबलाच्या खणात टाकल्या.

सोमवारी ती नेहमीप्रमाणे कामावर गेली, नेहमीप्रमाणे परत आली. ताई पलंगावर ताठ बसली होती.

“हा कसला चावटपणा?” ताई म्हणाली. “दोन दहाला फोन केलास, ‘पोचले गं ताई’ म्हणालीस. मागे लाटांचा आवाज काय, वारा काय. आगारात कुणी टेप वाजवत होतं का?”

“मी नाही केला फोन.”

“मला सांगतेस? तुझा आवाज मी ओळखणार नाही? ‘खोली छान आहे, खिडकीतून पाणी दिसतं,’ म्हणालीस. मीही म्हटलं, चला, निदान खोटंखोटं तरी बोलतेय दोन शब्द.”

धाकटीने खण उघडला. कार्यालयाची प्रत होती. चालकाची प्रत नव्हती. तिने खण पूर्ण ओढून काढला, पालथा केला. दोन टाचण्या पडल्या, बाकी काही नाही.

मंगळवारी तिने आगारातल्या टेबलावरून बेटावरच्या अतिथीगृहाला फोन लावला. मालकीणबाई फोनवर आल्या.

“चौदा तारखेच्या खोलीबद्दल विचारायचं होतं.”

“अहो, चौदा कसली? कालच तर आलात तुम्ही!” मालकीणबाई खळखळून हसल्या. “खोली रिकामीच होती म्हणून बरं. आणि आज सकाळी केवढ्या वेळेवर निघालात दीपगृहाला! मी आमच्या ह्यांना म्हटलं, बघा, घड्याळ लावून घ्या या बाईंवरून. कुठून बोलताय? चौकातून का?”

तिने फोन ठेवला. पिशवीतली फाइल उघडून दीपगृहाचं चित्र काढलं आणि त्याच्याकडे बघत राहिली. पोटात काही हलेना. चित्र तेच होतं, पांढरा मनोरा, लाल पट्टा, मागे निळं पाणी. पण ते आता कालच्या वर्तमानपत्रासारखं दिसत होतं. वर एकशे बारा पायऱ्या आहेत आणि नव्वदाव्या पायरीशी भिंतीला ओल आहे, हे तिला माहीत होतं. कसं माहीत होतं, ते नव्हतं माहीत. कुणीतरी वर जाऊन आलं होतं, आणि तिच्या वाट्याचं बघणं बघून संपवलं होतं.

बुधवारी प्रवाळाचं चित्र विझलं.

आणि रोज दोन दहाला घरी फोन येत होता. धाकटी परत येई तेव्हा ताईच्या गालांवर रंग असे. “आज तिने होडीची गंमत सांगितली,” ताई म्हणायची. आता तीही ‘ती’ म्हणायला लागली होती. “काचेतून खाली बघताना एक मासा वर बघत होता म्हणे, अगदी आपल्या मोठ्या काकांसारखा. मी हसून हसून मेले. अर्धा तास बोललो आम्ही.”

“ताई, ती मी नाहीये.”

“ते आलं गं माझ्या ध्यानात.” ताईने पांघरुणाची घडी नीट केली, मग पुन्हा मोडली. “पण ती बोलते. तू घरात असून बोलत नाहीस.”

हे ऐकून धाकटीला चहात साखर घातली की नाही ते आठवेना. तिने पुन्हा घातली. ताईने तो गोडमिट्ट चहा मुकाट प्यायला.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत ती मास्तरांकडे गेली. मास्तर म्हणजे आगाराचे निवृत्त वाहतूक नियंत्रक. आगाराच्या मागच्याच गल्लीत राहत आणि दिवसभर खिडकीत बसून गाड्या मोजत, सवय म्हणून. तिने कागद पुढे ठेवला. मास्तरांनी आधी चष्मा लावला, मग कोपरा बघितला, मग चष्मा काढला.

“तू?” ते म्हणाले. “दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी शिव्या घातल्या असत्या. तुला काय बोलू?”

“फाडून टाकू का?”

“फाडलंस तर गाडी रस्त्यावरच राहील. आणि रस्त्यावर राहिलेली गाडी कुणाच्याही दारात जाऊन उभी राहते. नको. फेरी पुरी होऊ दे.”

“फेरी पुरी झाली की ती येणार घरी. सोमवारी चार वीसला. माझ्या ताईकडे.”

“मग एकच वाट. बदली.” मास्तर खिडकीबाहेर बघत बोलले, जणू हे ते तिला नव्हे, एखाद्या गाडीला सांगत होते. “बदली चालक वाटेतल्या थांब्यावर जातो. कागद हातात घेतो, सही करतो. पहिला उतरतो, हा चढतो.”

“आणि उतरलेला?”

“तो मोकळा झाला. घरी जातो, जेवतो, झोपतो. आणखी कुठे जाणार?”

खाली एक गाडी वळली. मास्तरांच्या ओठांनी आपोआप आकडा मोजला.

“आणि बदलीवाल्याने सहीच केली नाही तर?”

“तोवर पहिल्याला जागा सोडता येत नाही. सहीची वाट बघत उभं राहावं लागतं. पण असं कोण करतं? प्रवासी दगड मारतील.”

ती उठली तेव्हा मास्तर म्हणाले, “बाई, सांभाळून. तू तिला आखलंयस. तुझ्या हातून कधी मिनिट सुटत नाही. तिच्याही सुटणार नाही.”

शनिवारी ती पहाटे निघाली. आगारात न कळवता, आयुष्यात पहिल्यांदा वेळ न लिहिता. ताई जागीच होती. “कुठे?” म्हणाली. “येते,” धाकटी म्हणाली, आणि जिना अर्धा उतरून पुन्हा वर आली. दारात उभी राहून म्हणाली, “समुद्रावर. तिला भेटायला.” ताईने मान हलवली. काहीतरी सांगायचं होतं तिच्या मनात. पण तिने पांघरुणाची घडी मोडली.

सही करायची की नाही, हे बसमध्ये ठरलं नाही, बोटीतही ठरलं नाही. सही केली तर ती मोकळी होऊन आजच घरी जाणार. नाही केली आणि आपण परत फिरलो, तर ती सोमवारी घरी येणार. दोन्ही वाटा तिसऱ्या मजल्यावरच्या त्याच दाराशी जात होत्या, जिथे आता दोन दहाला एक म्हातारी बहीण फोनजवळ केस विंचरून बसत होती. समुद्राचं काय व्हायचं ते होवो, ती मनाशी म्हणाली. ताई माझी आहे. इतकी साधी गोष्ट कळायला तिला एक अख्खं बेट आखावं लागलं होतं.

तीनला पाच कमी असताना ती किनाऱ्यावर पोचली. लख्ख ऊन, चिटपाखरूही नाही. माडांच्या सावल्या आखून काढल्यासारख्या. आणि पाण्यासमोर एका चटईवर पाठमोरी कुणीतरी येऊन बसत होती, पाय लांब करून, पिशवी डाव्या हाताला ठेवून. ती स्वतः ठेवते तशी. ठीक तीन.

“झाला का उशीर?” मागे न बघताच ती बाई म्हणाली. आवाज ताईने सांगितला होता तसाच, हसरा. मग ती वळली.

चेहरा तोच. उन्हाने रापलेला, पण निवांत. कपाळावरची आठी तेवढी नव्हती. आरशात कधी दिसली नव्हती अशी घड्याळबाई समोर बसली होती, आणि धाकटीला भीतीच्या आधी, का कोण जाणे, हेवा वाटला.

“ये, बस,” ती म्हणाली आणि उठली. चटई हाताने झटकली. पिशवी खांद्याला लावली. चालकाची प्रत पुढे केली, त्यावर पेन. “दोन दिवस राहिलेत. संध्याकाळी गुहा आहे, उद्या बाजार. सही कर. ताईसाठी शिंपले घेतलेत मी, निळे. तिला वाट बघायला लावायची नाही.”

धाकटीने कागद घेतला. पेनही घेतलं. ती चटईवर बसली आणि तिने सही केली नाही.

दुसरी मागेच उभी राहिली. तक्रार नाही, घाई नाही. पिशवी खांद्याला लावून, पाय जुळवून, थांब्यावर गाडी उभी राहते तशी.

मग समोर समुद्र होता. दीपगृह बघून झालेलं, प्रवाळ बघून झालेलं, पण ‘काहीही न करणे’ मात्र कोरंच होतं; तीन वाजून गेले होते आणि त्या ओळीवर ती स्वतः येऊन बसली होती. पाणी येत होतं, वाळूला हात लावून परत जात होतं, आणि त्याला कुठलीच वेळ नव्हती. पोटात काहीतरी हललं. ते हललेलं तिने विझू दिलं नाही. ती रडली थोडी. मागे उभी असलेलीची सावली तिच्या अंगावरून पुढे पडत होती, आणि हळूहळू लांब होत होती.

चार वाजले. पाच वाजले. पाय बधिर झाले तशी ती उठली आणि वाळूच्या कडेच्या टपरीवरच्या फोनपाशी गेली. मागची पावलंही टपरीपर्यंत आली आणि तीन हातांवर थांबली.

“हॅलो,” ताई म्हणाली.

“ताई...”

“तू आहेस!” ताईचा आवाज फुटला. “तू आहेस गं. देवा.”

“कसं ओळखलंस?”

“श्वासावरून. तीस वर्षं लाइनवर बसले मी. माणूस बोलतं तेव्हा शब्दांच्या मध्ये श्वास घेतं. ती घेत नाही. पहिल्याच दिवशी लक्षात आलं होतं माझ्या. अर्धा अर्धा तास बोलते, पण मध्ये एक श्वास नाही.”

“मग बोललीस कशाला तिच्याशी?”



“कुणीतरी बोलत होतं माझ्याशी,” ताई म्हणाली. “आणि मी चूक केली बाळ. ती रोज विचारायची, ‘ताई, मी घरी येऊ का?’ काल मी ‘ये’ म्हटलं.”

धाकटीने मागे बघितलं नाही. “मी सही केलेली नाही. तोवर ती जाऊ शकत नाही. पण मी निघाले तर तीही कागदाप्रमाणे निघेल. मी इथे आहे तोवर ती इथे आहे.”

“मग?”

“मग मी इथेच बसते.”

“किती दिवस?”

तिला आकडा सांगता आला नाही. पहिल्यांदाच.

“थांब,” ताई म्हणाली. पलंग करकरला. काठी जमिनीवर टेकल्याचा आवाज आला. “मी येते.”

“ताई, तीन मजले आहेत. तुझे गुडघे...”

“गुडघे माझे आहेत, मी बघते त्यांचं. खालचा दुकानदार धरेल एक हात. तू बस तिथे, हलू नकोस. दोघींना समोरासमोर उभं करून बघते मी. तुला तर मी डोळे मिटूनही काढीन शोधून.”

“कधी येशील?”

“वेळ विचारू नकोस मला. वेळ लिहून ठेवलीस की घोटाळे होतात तुझे.” आणि ताईने, जिने दोन वर्षांत उंबरा ओलांडला नव्हता, फोन ठेवून दिला.

धाकटी परत चटईवर येऊन बसली. मागची मागे उभी राहिली. ऊन केशरी झालं होतं. होड्या वर ओढून झाल्या होत्या, वारा पडला होता, झावळ्याही हलत नव्हत्या. भरती थकल्यासारखी निपचित होती. इतक्या शांततेत तिला ताईचं बोलणं आठवून धीर आला. आपल्या श्वासाचा आवाज तिला ऐकू येत होता, आत, बाहेर, आत, बाहेर. संथ, ओळखीचा. ताई येईल, कान लावेल, आणि संपेल हे.

खात्री करावी म्हणून तिने क्षणभर श्वास रोखून धरला.

मागून आवाज चालूच राहिला.